चुंबकसुईचे राखणदार : नानाभाई मूस

यंदा हॉस्टेलवर खोल्या बदलल्या आणि आमच्या रूमवर पहिल्याच रात्री वाद झाला. वाद कशावरून? तर कॉट कुठे लावायची यावरून! लातूरच्या आमच्या रूममेटला त्याच्या आईनं फोनवर बजावलं होतं, दक्षिणेकडे पाय करून झोपायचं नाही. आता पिंपळे सौदागरच्या या तीन मजली इमारतीत, चहूबाजूंनी बारा-बारा मजल्यांच्या सोसायट्या उभ्या असताना, दक्षिण शोधायची कशी? मग चौघांनी चार मोबाईल काढले. कॉटच्या डोक्याशी ठेवला की उत्तर कोकणे चौकाकडे, पायाशी ठेवला की उत्तर पवना नदीकडे! मधोमध ठेवला तर बिचारा मोबाईल हवेत इंग्रजी आठचा आकडा काढायला सांगायचा. चार मोबाईल, चार उत्तरा.

दुसऱ्या दिवशी हा प्रकार फिजिक्सच्या सरांना सांगितला. ते आधी पोटभर हसले. मग म्हणाले, कॉट लोखंडाची, दार लोखंडाचं, स्लॅबमध्ये सळया, तुमच्या मोबाईलनं करावं तरी काय? आणि जाता जाता त्यांनी एक नाव सांगितलं – नानाभाई मूस. याच दुखण्यापायी त्या माणसानं अख्खी वेधशाळा समुद्रापलीकडे नेली, आणि तो पुण्यातच इंजिनिअरिंग शिकलेला होता, एवढं सांगून सर लेक्चरला गेले. आम्ही चौघेही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. हे नाव आमच्यापैकी एकानंही ऐकलेलं नव्हतं.

पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास करणाऱ्यांच्या जगात मात्र हे नाव शंभर वर्षांहून जास्त काळ मानानं घेतलं जातंय. तेव्हा मित्रांनो, या वर्षीच्या अंकासाठी लेख लिहायचा म्हटल्यावर दुसरा विषय शोधलाच नाही.

नानाभाई आर्देशर फ्रामजी मूस यांचा जन्म मुंबईचा, पारशी घरातला. तारीख २९ ऑक्टोबर १८५९. ही तारीख जरा लक्षात ठेवा, कारण तिच्या दोनच महिने आधी मुंबईत एक गोष्ट घडून गेली होती, आणि नानाभाईंच्या आयुष्याशी तिचं नातं पुढे जुळायचं होतं.

त्यासाठी आधी कुलाब्याची वेधशाळा कळायला हवी. मुंबईच्या दक्षिण टोकाला कुलाब्यावर ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ मध्ये ही वेधशाळा उभी केली, ती मुख्यतः जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून आणि आकाशाचे वेध घेण्यासाठी. चुंबकत्व नंतर आलं. जर्मनीत गाउस आणि वेबर यांनी अशी कल्पना काढली होती की पृथ्वीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पद्धतीनं चुंबकसुईची नोंद घ्यायची आणि सगळ्या नोंदी एकमेकींशी ताडून बघायच्या. त्या साखळीत कुलाबा १८४१ पासून आलं. एल्फिन्स्टनमधले प्राध्यापक ऑर्लिबार हे काम बघत. त्यांच्या हाताखाली आपली मराठी माणसंही होती. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर या वेधशाळेशी जोडलेले होते, आणि केरो लक्ष्मण छत्रे यांनी तर तरुणपणाची वर्षं इथेच वेध घेण्यात घालवली. हेच केरूनाना पुढे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला आले. टिळक-आगरकरांचे गणिताचे गुरू म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्यांची सुरुवात चुंबकसुईपाशी झाली हे किती जणांना ठाऊक असतं?

त्या काळी फोटोचं यंत्र नव्हतं. खोलीत टांगलेल्या चुंबकाकडे दुर्बिणीतून बघायचं, आकडा वाचायचा, वहीत मांडायचा. तासाला एकदा. दिवसा, रात्री, पावसाळ्यात, सणावारीसुद्धा. नाईट शिफ्ट करणाऱ्या आपल्या भोसरी-चाकणच्या मंडळींना या कामाची कल्पना चटकन येईल. फरक इतकाच, की इथे मशीन बंद पडलं तर उद्या चालू करता येतं. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा गेलेला तास मात्र कुणालाही परत मोजता येत नाही.

तर १ आणि २ सप्टेंबर १८५९. सूर्यावर मोठा स्फोट झाला. इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन नावाच्या ज्योतिर्विदानं तो डोळ्यांनी पाहिला. काही तासांतच पृथ्वीभर तारायंत्रांनी वेड लागल्यासारखं वागायला सुरुवात केली, ऑपरेटरांना झटके बसले, क्यूबासारख्या उष्ण भागातल्या लोकांना आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसला. आणि कुलाब्यात २ सप्टेंबरच्या सकाळी चुंबकाचा आकडा खाली घसरायला लागला. ड्यूटीवरच्या माणसांनी मग तासाची वाट बघितली नाही, थोड्या-थोड्या मिनिटांनी वाचन सुरू ठेवलं. पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक तिथे साधारण ३८,००० नॅनोटेस्ला असतो. त्यात त्या दिवशी सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घट नोंदली गेली. तुलनेसाठी सांगतो, रोजच्या शांत दिवशी हा आकडा सकाळ ते रात्र जेमतेम चाळीस-पन्नासनं हलतो.

नानाभाई तेव्हा जन्मायचे होते. त्या वह्या मात्र कपाटात त्यांची वाट बघत होत्या.

नानाभाईंनी मुंबई विद्यापीठाची एल.सी.ई. ही पदवी घेतली, म्हणजे स्थापत्य अभियांत्रिकीची. त्या काळी या पदवीचं शिक्षण घ्यायचं तर पुण्याला येणं भाग होतं. १८५४ साली सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कामासाठी माणसं तयार करायला जी शाळा निघाली, तिचंच हे कॉलेज झालं. विश्वेश्वरय्या १८८३ मध्ये तिथूनच बाहेर पडले. आपण फायनल इयरला प्लेसमेंट, प्लेसमेंट करतो ना, तेव्हाच्या एल.सी.ई.वाल्याला सरकारी खात्याची वाट जवळजवळ आखलेली असायची. रस्ते, पूल, धरणं. नानाभाई मात्र तिथे न थांबता बोटीत बसून एडिंबरोला गेले, तिथल्या विद्यापीठाची बी.एस्सी. घेतली, आणि परत आल्यावर एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. पुढे एडिंबरोच्या रॉयल सोसायटीनं त्यांना फेलो करून घेतलं.

मला स्वतःला वाटतं, या माणसाला समजून घ्यायचं तर त्याचं सिव्हिल इंजिनिअर असणं विसरून चालणार नाही. पुढे जे घडलं ते निव्वळ शास्त्रज्ञाला जमलं असतं का, याची शंका आहे.

१८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे प्रमुख चार्ल्स चेंबर्स वारले. ते तीसएक वर्षं त्या खुर्चीवर होते, लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो होते. त्यांच्या जागी नानाभाईंची नेमणूक झाली. वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक. वयाची सदतिशी. वर्षही कसलं, तर त्याच वर्षाच्या पावसाळ्याअखेरीस मुंबईत प्लेग शिरला. लोक गाड्या भरभरून शहर सोडून जात होते. कुलाब्याची नोंदवही मात्र चालू राहिली.

तोवर काम डोळ्यांवरून कागदावर गेलेलं होतं. १८७२ पासून कुलाब्यात फोटोवर नोंद घेणारी यंत्रं होती. रचना अगदी साधी. बारीक धाग्यानं चुंबक टांगलेला, त्याला चिकटवलेला इवलासा आरसा, आरशावर दिव्याची तिरीप, आणि परावर्तित ठिपका घड्याळाच्या गतीनं फिरणाऱ्या फोटोच्या कागदावर. चुंबक केसभर हलला तरी ठिपका कागदावर लांबवर सरकतो. अशी तीन यंत्रं : एक सुई खऱ्या उत्तरेपासून किती अंश बाजूला राहते ते नोंदणारं, दुसरं आडव्या घटकासाठी, तिसरं उभ्या घटकासाठी. खोली अंधारी, तापमान शक्यतो स्थिर. नानाभाईंनी याच्या जोडीला भूकंपाची नोंदही सुरू केली, मिल्नचा भूकंपमापक तिथे १८९८ मध्ये बसला.

आणि मग आली ट्राम!

मुंबईत ट्राम नवीन नव्हती. १८७४ पासून घोड्यांची ट्राम धावत होती, आणि तिचा एक मार्ग थेट कुलाब्यापासूनच निघायचा. घोडा कितीही उधळला तरी चुंबकसुईला काही फरक पडत नाही. नालेपुरतं लोखंड, बस्स. पण १९०० च्या सुमारास घोडे काढून विजेची ट्राम आणायचं ठरलं. शहराच्या दृष्टीनं ही प्रगतीच होती, त्याबद्दल वाद नाही. वेधशाळेच्या दृष्टीनं मात्र हा मृत्यूचा दाखला होता.

का, ते इलेक्ट्रिकलवाल्यांनी तरी नीट बघावं. ट्रामला वरच्या तारेतून डी.सी. प्रवाह मिळतो आणि तो परत जातो रुळातून. सगळाच्या सगळा रुळातून गेला असता तर जाणारा-येणारा प्रवाह एकमेकांना बराचसा मारून टाकतो. पण रूळ जमिनीवर पडलेले असतात. काही प्रवाह जमिनीत गळतो आणि वाट फुटेल तिकडे भटकत, पाण्याच्या नळातून, ओलसर मातीतून पॉवरहाऊसकडे परततो. आता बारावीचं सूत्र आठवा. सरळ तारेतून १०० अँपिअर जात असतील तर १०० मीटरवर २०० नॅनोटेस्लांचं क्षेत्र तयार होतं, एक किलोमीटरवर २० नॅनोटेस्लांचं. जमिनीत गळलेला प्रवाह याच्या निम्मा धरा, पाव धरा, ट्राम सुटली, थांबली, पुन्हा सुटली की तो बदलत राहणार. आणि नानाभाई काय मोजत होते? दिवसभरातला चाळीस-पन्नास नॅनोटेस्लांचा बदल! म्हणजे पृथ्वीचा श्वास ऐकायला कान लावावा आणि शेजारी कुणी डबे बडवत बसावं तशी गत.

हे संकट एकट्या मुंबईवर आलेलं नव्हतं. कॅनडात टोरांटोच्या वेधशाळेला विजेच्या ट्रामपायी १८९८ मध्ये शहराबाहेर जावं लागलं होतं. लंडनजवळच्या क्यू इथल्या चुंबकीय कामालाही ट्रामनं हुसकावलं, ते १९०८ मध्ये थेट स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्यूर या आडगावी गेलं. वीज पुढे सरकत होती आणि चुंबकसुया मागे हटत होत्या, असंच ते दशक होतं म्हणा ना.

कुलाब्यात ट्राम अडवायचा मार्ग निवडला गेला नाही. निवडला गेला तो चुंबकीय वेधशाळा हलवायचा. पण हलवायची कुठे? फार लांब नेली तर साठ वर्षांची मालिका तुटणार, कारण पृथ्वीचं चुंबकत्व जागेनुसार बदलतं. जवळ ठेवली तर ट्राम, नाहीतर उद्या रेल्वे येणार. नानाभाईंनी जागा काढली अलिबागची. मुंबईपासून साधारण तीस किलोमीटर दक्षिणेला, मध्ये समुद्राचं पाणी, रेल्वे नाही, कारखाना नाही. (अलिबागला प्रवासी रेल्वे आजही पोचलेली नाही, यावरून निवड किती पक्की होती ते बघा!) वर दिलेलं सूत्र इथेही लावा. तीस किलोमीटरवर त्याच १०० अँपिअरचा त्रास एका नॅनोटेस्लाच्याही खाली येतो.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. त्या वेळी अलिबाग हे कुलाबा जिल्ह्याचं मुख्य ठाणं होतं. रायगड हे नाव जिल्ह्याला १९८१ मध्ये मिळालं. अलिबागच्या समुद्रातला किल्लाही कुलाबाच. म्हणजे वेधशाळा कुलाब्याहून निघाली आणि कुलाब्यालाच पोचली! शिवाय केरूनाना छत्र्यांचं जन्मगाव नागाव अलिबागच्या शेजारीच. ज्या सुईचे वेध घ्यायला ते लहान वयात मुंबईला गेले, ती सुई त्यांच्या माघारी वीस वर्षांनी त्यांच्या गावाशेजारी राहायला आली.

जागा ठरली, पण बांधायचं कशानं? इथे सिव्हिल इंजिनिअर कामाला आला. कोकणातलं घर म्हटलं की काळा दगड नाहीतर जांभा. काळा दगड म्हणजे बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीचा दगड, आणि त्यात मॅग्नेटाईटचे कण असतात. जांभ्यात लोहाची संयुगं. म्हणजे भिंतच चुंबक! तेव्हा दगड आणला पोरबंदरचा, चुनखडीचा, चुंबकत्व नसल्याची खात्री करून घेतलेला. लाकूड सागवानी. आणि जिथे जिथे आपण डोळे झाकून लोखंड वापरतो, खिळे, बिजागऱ्या, कड्या, तिथे पितळ आणि तांबं. एक लोखंडी खिळा चुकून राहिला तर सगळं मुसळ केरात. साईटवर सुपरव्हिजन केलेल्या कुणालाही विचारा, गवंड्याच्या आणि सुताराच्या हातून एकही खिळा निसटू न देणं म्हणजे काय असतं ते. आतली नोंदीची खोली जाड भिंतींनी अशी वेढली, की बाहेर एप्रिलचं ऊन असो की जुलैचा पाऊस, आतला पारा फारसा हलू नये. तापमान बदललं की चुंबकाची ताकद बदलते, आणि तो बदल पृथ्वीच्या नावावर खपून जातो.

१९०४ मध्ये अलिबागची वेधशाळा सुरू झाली. पण मला या सगळ्या कहाणीतली सर्वात मोठी गोष्ट वाटते ती इमारत नव्हे. अलिबाग सुरू झालं म्हणून कुलाबा बंद केलं नाही. १९०४ ते १९०६, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. एकाच क्षणी कुलाब्यात किती आणि अलिबागला किती, हे इतक्या वेळा ताडून पाहिलं की दोन्हींमधला फरक पक्का ठरला. आता जुन्या मालिकेला नवी मालिका सांधता येणार होती. आपण लॅबमध्ये जुना मीटर बिघडला की नवा लावतो आणि रीडिंग पुढे चालू. मग ग्राफमध्ये मध्येच पायरी दिसते आणि व्हायव्हाला तोंड लपवावं लागतं. (अनुभवाचे बोल आहेत!) नानाभाईंनी ती पायरी येऊच दिली नाही. पण त्यासाठी ट्राम यायच्या आत सगळं उरकायला हवं होतं. जागा शोधणं, पैसे मंजूर करून घेणं, बांधकाम, यंत्रं बसवणं, आणि वर दोन वर्षांचा सांधा. एकदा का कुलाब्याच्या रुळात वीज आली की तिथली नोंद नासणार आणि सांधा जुळवायला काही उरणारच नव्हतं.

कुलाब्याची चुंबकीय नोंद १९०६ मध्ये थांबली. मुंबईत पहिली विजेची ट्राम धावली ७ मे १९०७ रोजी. इतकंच अंतर राहिलं होतं.

यानंतर नानाभाई बसले ते वह्या घेऊन. १८४६ ते १९०५, साठ वर्षांच्या नोंदी. कॉम्प्युटर नाही, कॅल्क्युलेटर नाही. बेरजा, सरासऱ्या, कोष्टकं, सगळं हातानं. १९१० मध्ये त्याचे दोन भलेथोरले खंड प्रसिद्ध झाले. पहिल्यात नोंदी आणि त्या घेण्याच्या पद्धती, दुसऱ्यात त्यांची चर्चा. त्यातला चुंबकीय वादळांचा भाग फार महत्त्वाचा मानला जातो. एकेक वादळ सुटं बघितलं तर नुसता गोंधळ दिसतो. नानाभाईंनी अनेक वादळं त्यांच्या सुरुवातीचा क्षण जुळवून एकाखाली एक मांडली आणि सरासरी काढली. तेव्हा गोंधळातून एक आकार वर आला : आडवा घटक आधी एकदम थोडा वर उसळतो, मग काही तास खोल खाली जातो, आणि नंतर कित्येक दिवस हळूहळू सावरत पूर्वपदावर येतो. वादळांचा हाच आकार पुढे सिडनी चॅपमनसारख्या मोठ्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा पाया झाला आणि आजही अवकाश-हवामानाच्या पुस्तकांत पहिल्या धड्यात येतो.

एकूण दोन दशकांहून जास्त काळ त्यांनी वेधशाळा सांभाळली. १९३६ मध्ये ते वारले.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण सुई जराशी इकडे हलली काय, तिकडे हलली काय, कुणाला त्याचं सोयरसुतक? याचं उत्तर नानाभाई गेल्यावर तीसएक वर्षांनी जर्मनीतून आलं, आणि ते माणसांकडून आलंच नाही. ते आलं पाखरांकडून.

फ्रँकफर्टमध्ये मेर्केल आणि त्यांचा विद्यार्थी व्होल्फगांग विल्चको यांनी रॉबिन नावाचे चिमणीएवढे पक्षी पिंजऱ्यात ठेवले. स्थलांतराचे दिवस आले की हे पक्षी पिंजऱ्यातसुद्धा जायच्या दिशेनं उड्या मारत राहतात. आकाश दिसत नसतानाही त्यांना दिशा कळत होती. मग पिंजऱ्याभोवती हेल्महोल्ट्झ कॉईल लावून उत्तर फिरवली, तर पाखरंही फिरली! हे १९६० च्या दशकातलं काम. १९७२ मध्ये विल्चको पती-पत्नींनी दाखवलं की रॉबिन आपल्या सुईसारखा उत्तर टोक, दक्षिण टोक असा भेद करतच नाही. तो बघतो क्षेत्ररेषा जमिनीशी किती कललेल्या आहेत ते. म्हणजे उभा घटक भागिले आडवा घटक! नानाभाईंच्या फोटोच्या कागदावर जी दोन यंत्रं रेघा ओढत होती, तेच गणित हे पाखरू मानेच्या एका झटक्यात करतं. फ्रँकफर्टला हा कल ६५ अंशांच्या पुढे, अलिबागला पंचवीसच्या आसपास, आणि भारताच्या दक्षिण टोकाजवळ जवळजवळ शून्य. कबुतरं, समुद्री कासवं, मधमाश्या, काही जिवाणूसुद्धा, यादी वाढतच गेली. भिगवणला हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब राजहंस नेमकी कोणकोणती साधनं वापरतात हे अजून कोडंच आहे. पक्ष्यांच्या डोळ्यातलं क्रिप्टोक्रोम नावाचं प्रथिन हे काम करत असावं असा आजचा सर्वात जोरदार अंदाज आहे, पण शेवटचा पुरावा अजून यायचाय.

आणि आता ट्राम पुन्हा येते बघा. जर्मनीतल्याच ओल्डेनबुर्ग विद्यापीठात संशोधकांनी कॅम्पसवरच्या लाकडी खोल्यांत रॉबिन ठेवले, तर त्यांना दिशाच सापडेना. वर्षानुवर्षं प्रयोग फसत राहिला. अखेर कुणीतरी खोल्यांना आतून अॅल्युमिनियमचे पत्रे लावून ते अर्थिंग केले. पाखरं लगेच बरोबर दिशेला उड्या मारू लागली! अर्थिंग काढलं की पुन्हा गोंधळ. शहराबाहेर, मोकळ्या गावाकडे पत्र्यांची गरजच पडली नाही. गुन्हेगार निघाला विजेच्या उपकरणांतून आणि रेडिओतून निघणारा, ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातला अतिशय मंद गोंगाट. २०१४ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. (चिमण्यांच्या नावानं मोबाईल टॉवरला शिव्या देणाऱ्यांनी नोंद घ्यावी, मोबाईलची फ्रीक्वेन्सी या पट्ट्याच्या खूप वर आहे. उगाच भलत्याला फाशी नको.) पाखरानं स्वतःचं अलिबाग शोधायला कुठे जावं, हा प्रश्न तेवढा उरतो. २०२३ मध्ये तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातल्या रडारच्या नोंदींवरून असं दिसलं की चुंबकीय वादळाच्या रात्री स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांची संख्या ९ ते १७ टक्क्यांनी घटते. वादळ म्हणजे तेच, वर उसळणारं, खोल जाणारं आणि हळूहळू सावरणारं.

तसं कपाटातल्या त्या जुन्या वहीचंही राहिलंच. १८५९ च्या त्या प्रचंड वादळात जगातल्या बऱ्याच वेधशाळांच्या यंत्रांची रेघ कागदाबाहेर निघून गेली होती. कुलाब्यात डोळ्यांनी वाचलेले आकडे मात्र सलग शिल्लक होते. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे लाखिना आणि अॅलेक्स यांनी त्सुरुतानी आणि गोन्झालेस यांच्याबरोबर ते आकडे नव्यानं तपासले, आणि १,६०० नॅनोटेस्लांची ती घट जगासमोर आली. १९८९ च्या ज्या वादळानं कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातली वीज नऊ तास घालवली, त्याच्यापेक्षा ती कितीतरी मोठी. आज उपग्रहांचा विमा उतरवणारे आणि पॉवर ग्रिड सांभाळणारे सगळ्यात वाईट काय घडू शकतं याचा हिशेब मांडताना कुलाब्याच्या त्या सकाळपाशी येऊन थांबतात.

दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही चौघे अलिबागला जाऊन आलो. बीचवर, किल्ल्यावर, आणि येताना वेधशाळेच्या कंपाउंडवरून. परवानगीशिवाय आत जाता येत नाही, आणि यायला नकोच, खिशात किल्ल्या आणि मोबाईल घेऊन हिंडणारे आमच्यासारखे लोक म्हणजे तिथल्या सुईचे चालते-फिरते शत्रू. झाडांमागे बैठी कौलारू इमारत तेवढी दिसली. लातूरकरानं रस्त्यावर मोबाईल आडवा धरून उत्तर बघितली. या वेळी चौघांच्याही मोबाईलनं एकच दिशा दाखवली.

कॉट मात्र अजून दारातल्या कोपऱ्यातच आहे, कारण दुसरीकडे पंख्याचा वारा लागत नाही.

मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री धावली आणि रूळ उखडले गेले. अलिबागची नोंद चालू आहे.